संतांच्या पायाखालचं टेकाड

तीर्थरूप सिस्टर मावशी यांना,

कमरेच्या परवानगीनं जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार.

मावशी, पहिल्याच ओळीत अडलो. ‘सिस्टर’ लिहावं की ‘मावशी’ लिहावं, या विचारात चहा गार झाला. लहानपणी मी तुम्हाला सरळ ‘तू’ म्हणायचो. (तुम्ही मठात जायला निघालात त्या दिवशी मी तुमच्या ट्रंकेवर बसून राहिलो आणि मला ट्रंकेसकट उचलून बाजूला ठेवावं लागलं, असं आई सांगायची. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, त्यामुळे हे पुराव्यात धरू नये.) पण आता तुम्ही मठात नव्यानं येणाऱ्या मुलींची परीक्षा घेणाऱ्या मोठ्या सिस्टर. म्हणून दोन्ही लिहितो आणि ‘तुम्ही’ म्हणतो. तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर उजवीकडचं सगळं निळसर दिसतं असं लिहिलं होतंत, ते आता रंगावर आलं का? आणि आम्ही तुमच्या खोल्यांच्या दारांवर लावलेले आकडे अजून चिकटून आहेत ना? सात नंबर मला लावतानाच तिरका वाटला होता, पण तो आमच्या वेंधळ्या लेकीनं, वेंधळीनं, लावला होता आणि तुम्ही म्हणालात राहू दे.

इकडे आम्ही दोघं बापलेक आणि दुकानातलं स्टिकर कापायचं मशीन, तिघंही ठीक. माझा रक्तदाब औषधात आहे. मशीनचं पातं मागच्या आठवड्यात बदललं. वेंधळीबद्दल तुम्हाला माहीतच आहे. तिनं तुमच्या मठात यायचं ठरवलं आहे आणि येत्या गुरुवारी ती तुमच्यासमोर परीक्षेला बसणार आहे. त्या विषयावर मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. ती चोवीस वर्षांची आहे, तिचं तिला कळतं, आणि तिची आई जाऊन अकरा वर्षं झाली तरी आम्ही दोघांनी दुकान आणि घर व्यवस्थित चालवलं आहे, त्यामुळे माझ्या एकट्याचं कसं होईल वगैरे प्रश्न उद्भवत नाहीत. मी फक्त स्टिकरची हकिगत कळवण्यासाठी लिहितो आहे. तुमच्या कानावर ती दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून यायच्या आत माझ्याकडून आलेली बरी.

तर झालं असं, की दीड महिन्यापूर्वी आमचे फादर दुकानात आले. तुम्हाला आमचं दुकान ठाऊक आहे. समोर काउंटर, मागे मशीन, भिंतीला रेडियमचे रोल, आणि काचेत नमुने: दारावर लावायचे क्रूस, फ्रिजवर लावायची पवित्र माता, गाडीच्या मागच्या काचेवर लावायचं ‘या गाडीचा मालक वर आहे’. (हे शेवटचं खूप खपतं. एकानं तर लावल्यावर आठ दिवसांत गाडी खांबावर घातली आणि स्टिकरमुळे मागचं दिसलं नाही म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आला. खांब पुढे होता.) तीस वर्षं मी लोकांची श्रद्धा मापात कापून देतो आहे. श्रद्धा किती आहे हे मला विचारू नका, पण किती बाय किती हवी हे मी माणूस दारात शिरतानाच सांगतो. फादरांना हवे होते उडणाऱ्या संतांचे तीनशे स्टिकर, दोन बोटांएवढे, शाळेतल्या मुलांना वार्षिक परीक्षेआधी वाटण्यासाठी. शिवाय एक मोठा, माझ्या छातीला लागेल एवढा, परीक्षेच्या हॉलच्या काचेच्या दारासाठी.

आता उडणारे संत म्हणजे कोण, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे सगळे संत उभे किंवा गुडघ्यावर. मी तसं बोललो आणि वेंधळीनं मागून, हातातली कात्री पाडत, सांगितलं की त्यांचं चरित्र घरात आहे, मावशी-आजीनं मला पाठवलंय. म्हणजे हे सगळं सुरू झालं ते तुमच्या त्या पातळ पुस्तिकेपासून. मी दोष देत नाही. नोंद करतो.

पुस्तिका मी दोनदा वाचली. धंद्यासाठी वाचायला घेतली होती, संतांचा झगा कुठल्या रंगाचा ते बघायला. पण मावशी, काय माणूस होता हो. लहानपणी सदा आ वासून कुठेतरी बघत बसायचा, म्हणून गावातली पोरं त्याला ‘आवासा’ म्हणायची. चपला शिवायला शिकवलं, जमलं नाही. एका मठानं घेतलं, तिथं ताटं फोडली, ब्राउन पाव मागितला की पांढरा आणून दिला, आणि आठ महिन्यांत त्याचा झगा उतरवून त्याला घरी पाठवलं. (झगा काढला तेव्हा अंगावरचं कातडं सोलून काढल्यासारखं वाटलं, असं तो पुढे म्हणाला. स्टिकर सोलणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे त्या वाक्यापाशी मी जरा थांबलो.) मग दुसऱ्या मठानं तबेल्यात खेचर सांभाळायला ठेवलं. खेचराचं आणि त्याचं जमलं. पुढे परीक्षेला बसवलं तर अभ्यासाच्या नावानं शंख, अख्ख्या शुभवर्तमानातलं एकच वचन त्याला नीट समजावून सांगता यायचं. बिशपांनी पुस्तक उघडलं आणि नेमकं तेच वचन विचारलं. पुढच्या परीक्षेत तर पहिल्या चार-पाच जणांनी इतकी छान उत्तरं दिली की बिशप म्हणाले, बाकीचे न विचारताच पास. आणि असा हा न विचारता पास झालेला माणूस देवाचं नाव ऐकलं की जमिनीवरून उचलला जायचा. पार झाडावर. वरिष्ठांना इतका संकोच झाला की पस्तीस वर्षं त्याला लोकांपासून लपवून या मठातून त्या मठात हलवत राहिले. त्यानं कधी तक्रार केली नाही म्हणे.

मी पुस्तिका मिटली आणि मला वाटलं, चला, या पोरीला आता समजेल. धांदरट माणसाचे मठात काय हाल होतात ते छापील स्वरूपात समोर आहे. (तुमच्याकडे काचेची ताटं किती आहेत हो? सहज विचारतो. आमच्याकडे होती ती सहा. आता स्टीलची आहेत.) पण तीच पुस्तिका तिनं वाचली आणि म्हणाली, “बघा ना बाबा, तरी घेतलं त्यांना.” पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

चित्र मी काढलं. झगा तपकिरी, हात पसरलेले, चेहरा वर. तोंड उघडं ठेवलं, चरित्राला धरून. आता मावशी, तुम्ही धंद्यातल्या नाही म्हणून सांगतो. हवेतला माणूस हा स्टिकरमध्ये फार गैरसोयीचा प्रकार. गिऱ्हाईक दहा वेळा विचारतं, हा पडतोय का? उडी मारतोय का? खाली काही असलं की माणसाचा जीव थाऱ्यावर येतो. म्हणून मी संतांच्या पायाखाली एक लहानसं टेकाड काढलं. गवत वगैरे नाही, साधं गोलसर टेकाड. पायाची बोटं उठून दिसावीत म्हणून पाय आणि टेकाड यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवली. ही फट मीच ठेवली, हे लक्षात असू द्या.

वेंधळीनं स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, हे तर उभे आहेत.” मी म्हटलं, उडण्याच्या आधी उभेच असणार. ती म्हणाली, पण फादरांनी उडणारे सांगितलेत. मी म्हटलं, पायाखाली काहीतरी लागतं माणसाच्या. त्यावर ती मशीनमधून आलेला रोल घेऊन सोलायला बसली. सोलणं म्हणजे मशीननं रेषा कापून दिल्या की जे नको ते चिमट्यानं काढून टाकायचं आणि जे हवं ते कागदावर ठेवायचं. हे एक काम ती आयुष्यात कधीही चुकलेली नाही. तिच्या हातून कप निसटतो, किल्ली निसटते, एकदा दाताच्या डॉक्टरांची अख्खी पाटी निसटली, पण चिमट्याखालचा नखाएवढा तुकडा कधी निसटत नाही. याचं कारण मला कळलेलं नाही.

मी दोन दिवस त्या दाताच्या डॉक्टरांकडे (तेच ते) काचेवर नवं नाव लावत होतो. तेवढ्यात हिनं तीनशे स्टिकर सोलून, मोजून, पाकिटात घालून शाळेत पोचतेसुद्धा केले. संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा उघडला तर आत टेकाडं. तीनशे टेकाडं, एकमेकांना चिकटून झालेला एक डोंगर. त्या केसाएवढ्या फटीत चिमटा घालून पोरीनं प्रत्येक संताच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, नको होतं ते काढलं. कामाची व्याख्याच ती आहे.

पुढे व्हायचं ते झालं. टेकाड नाही म्हटल्यावर संतांची वरची बाजू कुठली हे मुलांना कळेना. कुणी सरळ लावले, कुणी आडवे, कुणी डोकं खाली. दुसरीतल्या एकीनं तर कंपासपेटीच्या झाकणाला आतून लावले, झाकण उघडलं की संत वर जातात, मिटलं की खाली येतात, आणि तिचा सबंध वर्ग अभ्यास सोडून झाकणं उघडमीट करू लागला. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई फादरांकडे गेल्या. फादर पोट धरून हसले आणि म्हणाले, उडणाऱ्या माणसाला वरखाली काय. माझी मात्र झोप उडाली. तीस वर्षांत माझ्या दुकानातून उलटसुलट लागेल असा माल गेलेला नाही. मी वेंधळीला सांगून टाकलं, दारावरचा मोठा संत मी स्वतः लावणार, तू हातही लावायचा नाहीस. तो टेकाडासकट लागेल.

मोठं टेकाड मी हिरव्या रंगात वेगळं कापलं. परीक्षेच्या आदल्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर, सगळे पालक हॉलसमोर उभे असताना मी शिडी, बादली आणि रबराची पट्टी घेऊन कामाला लागलो. आधी टेकाड लावलं. कोरडं, घट्ट, जन्मात निघणार नाही असं. मग काचेवर साबणाचं पाणी फवारून वर संत ठेवले, पाय बरोबर टेकाडावर. साबणाच्या पाण्याचा फायदा असा की स्टिकर हवा तसा सरकवून नेमका बसवता येतो, आणि मग पाणी पट्टीनं निपटून काढलं की तो पक्का होतो. तोटाही तोच. लोक बघताहेत म्हणून असेल, पण साबण माझ्या हातून जरा जास्त पडला. तेवढ्यात फादरांनी चहाला बोलावलं. मी म्हटलं, दोन मिनिटांत येऊन निपटतो.

चहा घेताना बाहेर खसखस पिकली. येऊन बघतो तर संत सरकत होते. वर नाही, खाली. अगदी सावकाश, हात पसरून, तोंड उघडं ठेवून ते माझ्या टेकाडात रुतत चालले होते. मी पोचलो तेव्हा घोटे गेले होते, मी पट्टी शोधेपर्यंत गुडघे गेले. चारशे वर्षं ज्यांची ख्याती वर जाण्याची, ते संत माझ्या हातून, सर्व पालकांदेखत, जमिनीत चालले होते. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. त्यांना वाटलं दफनविधी चालू आहे.

मग वेंधळी पुढे आली. तिनं कसंबसं निभावून नेलं. संत वर सरकवले, पाणी निपटलं, आणि माझं टेकाड नखानं कड उचकटून सगळ्यांसमोर अख्खं काढून टाकलं. इतकंच. हसू झालं ते झालं, लोक घरी गेले, परीक्षाही सुरळीत चालू आहेत. कळावे, एवढीच हकिगत. मठातल्या सर्व सिस्टरांना नमस्कार सांगा आणि सात नंबरचं दार एकदा बघून घ्या.

तुमचा भाचा,
(ट्रंकेवर बसलेला)

ता. क. आता मुद्द्याचं. मावशी, तिला नापास करा. तुमच्या हातात आहे म्हणून विचारतो, नाहीतर विचारलं नसतं. अवघड प्रश्न काढा. बारा प्रेषितांची नावं उलट्या क्रमानं विचारा, सरळसुद्धा तिला नऊच येतात. जेवणाच्या वेळी तिला ताटांची चळत उचलायला सांगा, बाकी काही करावं लागणार नाही. पण प्रेमानं करा. झगा दिलाच नाही तर सोलायचाही प्रश्न येणार नाही. तिला एवढंच सांगा की घरी तुझी गरज आहे. कुणाला, ते सांगू नका. दुकान बंद करून वर गेलो की जिन्यात काहीतरी पडल्याचा आवाज येतो आणि मला कळतं की ती घरात आहे. तो आवाज बंद झाल्यावर मी काय करायचं ते कुठल्याच पुस्तिकेत नाही.

ता. क. दुसरा. हा दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितो आहे. बादली हॉलवर विसरली होती ती आणायला गेलो होतो. वरचा ताजा कलम रद्द समजावा. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचतेसच.

मी काल एक गोष्ट गाळली. कसंबसं नाही निभावलं तिनं. ती आली, दोन्ही तळहात संतांच्या छातीवर ठेवले आणि त्यांना हळूहळू वर नेलं. गुडघे बाहेर आले, घोटे बाहेर आले, तरी ती थांबली नाही. टेकाडाच्या वर हातभर नेलं आणि तिथं धरून ठेवलं. शिडी मी चहाला जाताना बाजूला नेली होती, त्यामुळे तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं. एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ती पाणी काढत होती, मधून कडेकडे, मधून कडेकडे, घाई अजिबात नाही. वीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं. लोक हसायचे थांबले. वीस मिनिटं त्या पोरीच्या हातून काहीही पडलं नाही आणि वीस मिनिटं तिच्या टाचा जमिनीला लागल्या नाहीत. उडाली असं मी म्हणत नाही, मला खोटं लिहिता येत नाही. पण मी तिचा चेहरा काचेत पाहिला. तोंड उघडं होतं. इतकी खूश मी तिला तिची आई गेल्यापासून एकदाच पाहिली आहे, तुझ्याकडे दारांना आकडे लावायला गेली तेव्हा. अर्ध्या दिवसाचं काम होतं ते आणि ती तीन दिवस राहिली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आज सकाळी दारापुढे उभा राहिलो. त्या रविवारी संतांच्या खांद्यापाशी हवेचा एक फुगा राहिला होता. मी टाचणीनं टोचायला निघालो होतो, तिनं माझा हात धरला होता. तो आज निम्मा झाला आहे. म्हणून मावशी, गुरुवारी तिला फक्त एकच प्रश्न विचार: मधे हवा राहिली तर काय करायचं? याचं उत्तर तिला येतं. टोचायचं नाही, उन्हात राहू द्यायचं, आपली आपण जाते. तुझ्या त्या बिशपांनीही एवढंच केलं होतं, पोराला येतं तेच विचारलं. आणि तिला ताटं देऊ नकोस, खेचर असेल तर ते दे. मी ट्रंकेवर बसणार नाही. बसलो तरी आता मला कुणी उचलू शकणार नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला.

ता. क. तिसरा, हा मावशीसाठी नाही. वेंधळे, पत्र तुझ्याच हाती पाठवतोय. पाकिटावर दुकानातला सगळ्यात घट्ट स्टिकर लावलाय, आणि बसमध्ये बसल्या बसल्या तू तो कड न फाटता सोलणार हे मला ठाऊक आहे. वाचून झालं असेल तर परत लाव, मधून कडेकडे. पहिला ताजा कलम तू वाचला नाहीस असं मी धरून चालतो. आणि ते हिरवं टेकाड मी फेकलेलं नाही. धुऊन, वाळवून दुकानाच्या काचेवर लावलंय, आतून, माझ्या स्टुलासमोर. त्यावर कुणी उभं नाही. गिऱ्हाइकं विचारतात हे काय, तर सांगतो, कधी पाय टेकावेसे वाटले तर असू दे.